छत्री उघडली, तरी उडी फसली

पॅराशूटने उतरणाऱ्या सैनिकाचा विषय निघाला, की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती एकच: छत्री उघडलीच नाही तर? शंका रास्त आहे, पण लष्करी इतिहासातल्या मोठ्या हवाई आपत्तींचा उलगडा तिने होत नाही. सैनिकांच्या सामूहिक उडीत छत्री उघडण्याचे काम उडी मारणाऱ्याच्या हातात ठेवलेलेच नसते. त्याच्या पाठीवरच्या छत्रीची एक लांब पट्टी, तिला स्टॅटिक लाइन म्हणतात, विमानातल्या तारेला अडकवलेली असते. सैनिक दाराबाहेर पडला की ही पट्टी ताणली जाते आणि छत्री ओढून बाहेर काढते. काही बिघडलेच तर आज पुढच्या बाजूला राखीव छत्री बांधलेली असते. पट्टीत अडकून सैनिक विमानामागे फरफटतो, दोरी कापडावरून गेल्याने छत्रीचे दोन फुगे होतात, कापडाला पीळ बसून ती फुगतच नाही, असे अपघात होतात आणि त्यांत जीवही जातात. पण असा अपघात एकट्यादुकट्यावर ओढवतो. पलटणीच्या पलटणी गारद झाल्या, त्या दिवशी जवळपास सगळ्यांच्या छत्र्या व्यवस्थित उघडल्या होत्या. त्या उड्या विमानाच्या दारात फसलेल्या नव्हत्या. वारा, अंधार, शत्रूची ताकद आणि खालचा मुलूख यांचा हिशेब ज्यांनी करायचा, त्यांच्या टेबलावर त्या आधीच फसल्या होत्या.

हा हिशेब किती नाजूक असतो, हे साध्या गणिताने कळते. सैनिक उतरवणारे विमान ताशी दोनशे किलोमीटर वेगाने जात असेल, तर ते सेकंदाला सुमारे पंचावन्न मीटर पुढे सरकते. दर सेकंदाला एक जण बाहेर पडला, तर अठरा जणांची रांग जमिनीवर जवळजवळ एक किलोमीटर लांब पसरते. शिवाय गोल छत्रीला दिशा देणे फारसे शक्य नसते. वारा नेईल तिकडे ती जाते. तीनशे मीटर उंचीवरून खाली यायला पाऊण मिनिट लागले आणि वारा ताशी छत्तीस किलोमीटरचा असला, तर माणूस साडेचारशे मीटर बाजूला जाऊन पडतो. त्याच वेगाने तो जमिनीवर आडवा आपटतो आणि छत्री मिटेपर्यंत ओढलाही जातो. वैमानिक दहा सेकंद चुकला, तर आणखी अर्ध्या किलोमीटरचा फरक पडतो. मग अंधारात एकमेकांना शोधायचे, वेगळ्या टाकलेल्या पेट्यांतून वायरलेस संच व जड हत्यारे बाहेर काढायची आणि हे सगळे शत्रू जागा होण्याआधी उरकायचे. छत्रीधारी सैनिकाजवळ रणगाडा नसतो, तोफा जेमतेम असतात आणि दारूगोळा पाठीवर मावेल तेवढाच असतो. त्यामुळे पायदळाला जी चूक दोन दिवसांत निस्तरता येते, ती त्याला पहिल्या दोन तासांत भोवते.

दुसऱ्या महायुद्धातल्या सिसिलीच्या स्वारीत या चुका एकापाठोपाठ एक घडल्या. ९ जुलै १९४३च्या रात्री कर्नल जेम्स गॅव्हिन यांची अमेरिकी ५०५ वी पॅराशूट रेजिमेंट निघाली, तेव्हा वारा ताशी पस्तीस मैलांचा असल्याची खबर होती. सरावात पंधरा मैलांच्या वर वारा गेला की उडी रद्द होत असे. पण समुद्रमार्गे येणारे प्रचंड सैन्य त्याच पहाटे किनाऱ्याला लागणार होते, म्हणून उडी झाली. विमानांचे थवे वाटेतच फुटले, रेजिमेंट बेटाच्या दक्षिण भागात विखुरली आणि खुद्द गॅव्हिन ठरलेल्या जागेपासून कित्येक मैल दूर पडले. ११ जुलैच्या रात्री घडले ते याहून वाईट होते. कर्नल रूबेन टकर यांची ५०४ वी रेजिमेंट कुमक म्हणून येत होती आणि तिला उतरायचे होते आपल्याच सैन्याच्या ताब्यातल्या जमिनीवर, जेलाजवळच्या फारेल्लो धावपट्टीवर. किनाऱ्यावरच्या तुकड्यांना आणि समुद्रातल्या आरमाराला कळवण्याचे आदेशही निघाले होते. पण ते शेवटच्या तोफेपर्यंत पोहोचले की नाही, याची खातरजमा झाली नव्हती. त्याच संध्याकाळी जर्मन विमानांनी हल्ले केल्यामुळे तोफांवरची माणसे धास्तावलेली होती. पहिली काही विमाने सुखरूप गेली, मग एका तोफेने गोळीबार सुरू केला आणि पाहता पाहता किनारा व जहाजे दोन्हीकडून आग बरसू लागली. १४४ विमानांपैकी २३ पाडली गेली आणि ३७ जबर नादुरुस्त झाली. मेलेल्या व जखमी झालेल्या सैनिकांची संख्या शेकड्यांत होती. शत्रूचा त्यात काही वाटा असलाच, तर त्याने संध्याकाळी केलेल्या हल्ल्यांपुरता.

सिसिलीत वाऱ्याकडे आणि निरोपाकडे दुर्लक्ष झाले, तर क्रीटमध्ये शत्रूच्या ताकदीचा अंदाज चुकला. २० मे १९४१ रोजी जनरल कुर्ट श्टुडेंट यांचे जर्मन छत्रीधारी सैनिक या ग्रीक बेटावर उतरले. बेटावर जेमतेम पाच हजार दोस्त सैनिक असतील असा जर्मन हेरखात्याचा कयास होता. प्रत्यक्षात ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडर आणि ग्रीक मिळून ते चाळीस हजारांच्या आसपास होते. शिवाय जर्मन संदेशांची गुप्त लिपी फोडल्यामुळे हल्ला कुठे होणार, याचीही त्यांना कल्पना होती. जर्मन छत्रीची दोरी पाठीच्या वर जोडलेली असल्याने सैनिकाला ती वळवता येत नसे आणि तो पुढे तोंडावर आदळत असे. म्हणून तो अंगावर सहसा पिस्तूल आणि हातबॉम्बच बाळगी. रायफली व मशीनगन वेगळ्या पेट्यांतून येत. पेटीपर्यंत पोहोचण्याआधीच शेकडो जण गोळ्यांना बळी पडले. गावकऱ्यांनीही हाताला लागेल त्या हत्याराने हल्ला केला आणि पुढे त्याचा सूड जर्मनांनी गावे जाळून घेतला. मालेमेचा विमानतळ हाती आल्यामुळे जर्मनांनी शेवटी बेट जिंकले खरे, पण मृत व बेपत्ता मिळून चार हजारांच्या घरात माणसे गमावली. छत्रीदलाचे दिवस संपले, असा निष्कर्ष हिटलरने काढला. दोस्तांनी मात्र याच लढाईवरून आपली छत्रीदले वाढवली. अपयश छत्रीचे की नियोजनाचे, याचे उत्तर दोघांनी वेगवेगळे दिले होते.

घाईचे परिणाम पाहायचे तर दोन उदाहरणे पुरेशी आहेत. २४ सप्टेंबर १९४३च्या रात्री सोव्हिएत सैन्याने नीपर नदीच्या पश्चिमेला, बुक्रिनच्या वळणापाशी साडेचार हजारांवर सैनिक उतरवले. खराब हवामानामुळे खालच्या मुलखाची नीट टेहळणी झालेली नव्हती. माऱ्याच्या भीतीने वैमानिक ठरल्यापेक्षा उंचावरून आणि वेगात गेले. काही सैनिक नदीत पडले, काही आपल्याच बाजूला आणि बरेचसे तर त्याच वेळी तिथे येऊन पोहोचणाऱ्या जर्मन तुकड्यांच्या डोक्यावर. त्यानंतर युरोपातल्या युद्धात सोव्हिएत सैन्याने इतकी मोठी उडी पुन्हा केली नाही. दुसरे उदाहरण आपल्या देशातले आहे. १९६५च्या युद्धात ६ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानने पठाणकोट, आदमपूर आणि हलवारा या हवाई तळांवर प्रत्येकी साठ, म्हणजे एकूण १८० कमांडो उतरवले. तळांवर घुसून विमाने जाळायची, असा बेत होता. माणसे निवडक आणि धाडसी होती. पण तयारीला पुरेसा वेळ मिळाला नव्हता, ती अंधारात विखुरली गेली आणि परत कसे यायचे याची धड योजना नव्हती. उजाडताच गावकरी लाठ्याकाठ्या घेऊन शेते धुंडाळू लागले. पोलीस आणि सैनिक त्यांच्या जोडीला आले. प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार १३८ जण पकडले गेले, २२ मारले गेले आणि सुमारे वीस जण निसटले. तळांवरच्या एकाही विमानाला त्यांना धक्का लावता आला नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की घटनेनंतर शहाणपण सगळ्यांनाच येते. युद्धात पूर्ण माहिती कधीच नसते आणि जोखीम घ्यावीच लागते. हे खरे आहे, पण वरच्या बहुतेक प्रसंगांत धोका आधीच माहीत होता. सिसिलीचा वारा मोजलेला होता. आर्नहेमचे उदाहरण तर याहून बोलके आहे. १७ सप्टेंबर १९४४ रोजी भर दुपारी ब्रिटिश पहिली एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडमधल्या आर्नहेमजवळ उतरली आणि ही उडी निव्वळ उडी म्हणून पाहिली, तर कमालीची अचूक होती. सैनिक नेमक्या जागी आणि थोडक्या हानीत उतरले. पण ती जागाच ऱ्हाइनवरच्या ज्या पुलासाठी सगळा खटाटोप होता, त्याच्यापासून सुमारे दहा किलोमीटर दूर निवडलेली होती. पुलाजवळच्या विमानविरोधी तोफा आणि सखल जमीन यांची धास्ती होती. विमाने कमी पडत असल्याने डिव्हिजन एका दिवसात न उतरवता तीन दिवसांत उतरवायचे ठरले, म्हणजे अचानकपणाचा लाभ पहिल्याच दिवशी संपला. परिसरात जर्मन चिलखती दलांच्या खुणा दिसत असल्याचे ब्रायन अर्कहार्ट या गुप्तवार्ता अधिकाऱ्याने उडीपूर्वीच वरिष्ठांना सांगितले होते. अर्कहार्ट यांनाच विश्रांतीच्या रजेवर धाडण्यात आले. लेफ्टनंट कर्नल जॉन फ्रॉस्ट यांची छोटी तुकडी तेवढी पुलापर्यंत पोहोचली आणि काही दिवस झुंजली. ऱ्हाइनपलीकडे गेलेल्या सुमारे दहा हजारांपैकी अडीच हजारांहून कमी माणसे नदी ओलांडून परत आली. तेव्हा या चुका मागाहून सुचलेल्या म्हणता येत नाहीत. त्या उडीआधीच सांगितल्या गेल्या होत्या.

दुसरा आक्षेप नॉर्मंडीचा दाखला देतो. ६ जून १९४४च्या पहाटे ढग आणि मारा यांमुळे अमेरिकी छत्रीधारी सैनिक असेच इतस्ततः फेकले गेले, कित्येक जण पाण्याने भरलेल्या शेतांत बुडाले, तरीही मोहीम यशस्वी झाली. विखुरलेल्या सैनिकांमुळे हल्ला नेमका कुठे आहे हेच जर्मनांना उमगेना, असेही म्हटले जाते. यात तथ्य आहे, पण त्यातून वेगळाच धडा निघतो. नॉर्मंडीत काही तासांतच समुद्रमार्गे प्रचंड सैन्य येऊन पोहोचले आणि छोट्या टोळक्यांनीही लढत राहावे, असे शिक्षण सैनिकांना मिळालेले होते. मुख्य म्हणजे सिसिलीतून बोध घेतला गेला होता. विमानांवर काळे-पांढरे ठळक पट्टे रंगवले गेले, विमानांचा मार्ग आरमारापासून दूर, पश्चिमेकडून आखला गेला आणि जागा दाखवायला वाटाडे सैनिक आधी उतरवले गेले. उडी विस्कटेल हे गृहीत धरून केलेली तयारी होती, म्हणून विस्कटलेली उडीही कामी आली.

टांगाईलची उडी हेच दुसऱ्या बाजूने सिद्ध करते आणि मराठी वाचकाचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. ११ डिसेंबर १९७१ रोजी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात उतरलेली २ पॅरा ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू यांच्या नेतृत्वाखाली सुमारे सातशे जवान दिवसाउजेडी उतरले. काही जवान आणि काही सामान ठरल्या जागेपासून दूर पडले. अशी विस्कळीत सुरुवात इतरत्र घातक ठरली होती. इथे मात्र हा मुलूख कादर सिद्दिकी यांच्या मुक्तिसैनिकांच्या प्रभावाखाली होता आणि गावकऱ्यांनी इतस्ततः पडलेले सामान गोळा करायला हात लावला. लोहजंग नदीवरचा पूंगली पूल पलटणीने काबीज केला आणि उत्तरेकडून जमिनीवरून मुसंडी मारत आलेली १ मराठा लाइट इन्फंट्री तिला येऊन मिळाली. पाच दिवसांनी ढाक्यात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत २ पॅरा होती. क्रीटच्या आणि पंजाबच्या गावकऱ्यांनी उतरलेल्या सैनिकांना घेरले, टांगाईलच्या गावकऱ्यांनी त्यांचे ओझे उचलले. खालची माणसे कोणाच्या बाजूची आहेत आणि मदत किती तासांत पोहोचणार, या दोन प्रश्नांची उत्तरे विमान सुटण्याआधी तयार होती.

हेलिकॉप्टर आणि ड्रोनच्या जमान्यात हा विषय जुना झाला, असेही कोणी म्हणेल. मोठ्या सामूहिक उड्या आता विरळ झाल्या हे खरे. पण जगातल्या प्रमुख सैन्यांनी छत्रीदले मोडलेली नाहीत आणि अपघात शांततेतही होतात. १९७४ साली जर्मनीतल्या रात्रीच्या सरावात ब्रिटिश छत्रीधारी सैनिक कील कालव्यात पडले आणि सहा जण बुडाले. १९८३ साली ग्रेनाडाच्या मोहिमेत अमेरिकी नौदलाचे चार सील कमांडो रात्री खवळलेल्या समुद्रात उतरताना नाहीसे झाले. इथेही प्रश्न कापड फाटल्याचा नव्हता. अंधार, वारा आणि पाणी यांचा होता. आजच्या सरावांत वाऱ्याची मर्यादा लेखी ठरवलेली असते आणि ती ओलांडली की उडी रद्द होते, ही शिस्त अशाच मृत्यूंतून आलेली आहे.

म्हणून फसलेल्या उडीची चौकशी छत्रीच्या शिवणीपाशी थांबवणे म्हणजे खऱ्या जबाबदारीला पाठ दाखवणे होय. वारा कोणी मोजला, इशारा कोणी बाजूला सारला, निरोप शेवटच्या माणसापर्यंत पोहोचल्याची खात्री कोणी केली नाही, हे विचारले पाहिजे. दारातून उडी मारणाऱ्याच्या धैर्याबद्दल या इतिहासात कुठेच शंका घ्यायला जागा नाही. कमी पडले ते ‘आज उडी नको’ असे म्हणण्याचे धैर्य, आणि ते दाखवायची जबाबदारी जमिनीवर बसलेल्या वरिष्ठांची होती.