फराहबागेतला वजीर

देवळाली प्रवराच्या माणसाला नगर म्हणजे कचेरी, कोर्ट आणि दवाखाना. राहुरी फॅक्टरीवर एसटी धरायची, विळद घाट चढायचा, कामं उरकून दिवेलागणीला घर गाठायचं. त्या गडबडीत सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्करी भागात उभी असलेली फराहबाग बघायची राहूनच जाते. लोकांच्या तोंडी ती फऱ्याबाग. निजामशाहीचा हा राजवाडा कित्येक वर्षं माझ्या डोक्यातून गेलेला नाही, आणि त्याचं कारण तो बांधून घेणारा सुलतान नव्हे, त्याचा वजीर आहे.

शाहजहानला ताजमहाल इथूनच सुचला, असं नगरमध्ये हमखास ऐकायला मिळतं. मला ही कथा आवडत नाही. आपल्या इमारतीला मोठेपण यायला आग्र्याचा दाखला कशाला हवा? फराहबाग स्वतःच्या बळावर बघण्यासारखी आहे. तळ्याच्या मधोमध अष्टकोनी, दुमजली महाल, मधल्या उंच दालनावर घुमट, चारी बाजूंनी खोल कमानी. तळं भरलेलं असताना पाण्यावरून येणारा वारा या कमानींतून आत खेळायचा. नगरच्या वैशाखात ही केवढी चैन! आता तळं कोरडं आहे आणि चुन्याचा गिलावा बराच गळून गेलाय, तरी भर दुपारी आत शिरलं की गारवा जाणवतो.

मलिक अहमद, भिंगारची लढाई, शहराची स्थापना हे वाचकांना ठाऊक आहे. आपल्याला थेट मूर्तजा निजामशाहाकडे जायचंय. 1565 ते 1588 ही त्याची कारकीर्द. 1574 मध्ये त्याने वऱ्हाड जिंकला तो चंगीझखान या वजिराच्या जोरावर. पुढे दरबारातल्या कानभरणीला भुलून सुलतानाने याच वजिराला विष पाठवलं. चंगीझखानाने धन्याला शेवटचं पत्र लिहिलं आणि ते विष घेतलं. खरं काय ते कळल्यावर मूर्तजाने राज्यकारभाराकडे पाठ फिरवली आणि तो एकांतात गेला. त्याच्या वेडाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय, पण मला त्या वेडाच्या मुळाशी हा पश्चात्तापच दिसतो.

या एकांताचं एक ठिकाण फराहबाग. आधी नियामतखानाने उभारलेली इमारत पाडून ती पुढचा वजीर सलाबतखान याच्या देखरेखीखाली नव्याने बांधली गेली आणि 1583 साली पुरी झाली, असं सांगतात. फराहबागेत मूर्तजा बुद्धिबळाचा पट मांडून बसे. समोर दिल्लीहून आलेला फत्तेशाह नावाचा गवई. त्याच्यासाठी बागेत वेगळा लकडमहालही बांधला होता. बाहेर राज्य चालवत होता सलाबतखान.

फरिश्त्याच्या तवारीखेत एक प्रसंग आहे. तालिकोटच्या लुटीत रामरायाच्या खजिन्यातल्या दोन मौल्यवान माळा निजामशाहीकडे आल्या होत्या. फत्तेशाहाने त्या मागितल्या, सुलतानाने द्यायला सांगितल्या. राज्याची दौलत गवयाच्या गळ्यात कशी घालायची? सलाबतखानाने दुसऱ्याच माळा पुढे केल्या. चोरी उघडी पडली. सुलतानाने सगळं जवाहीर मांडायला लावलं. वजिराने त्यातलंही उत्तम ते लपवलं. मग संतापलेल्या मूर्तजाने सगळं आगीत लोटलं. फरिश्ता म्हणतो, तेव्हापासून लोक त्याला दिवाना म्हणू लागले.

त्याहून मोठी गोष्ट पुढची. विजापूरशी लग्नसंबंध जुळले होते, पण सोलापूर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा सलाबतखानाचा आग्रह. त्यावरून विजापूरकर बिथरले आणि सुलतान वैतागला. वजिराने विचारलं, मला कोणत्या किल्ल्यात ठेवायचं? उत्तर आलं, दंडाराजपुरी. फौज, खजिना, कारभार, सारं सलाबतखानाच्या मुठीत होतं. वेड्याचा हुकूम कशाला मानता, म्हणून जवळच्यांनी विनवलं. त्याने आपल्या हाताने पायात बेड्या घातल्या आणि पालखीत बसून कैदेला निघून गेला. दख्खनच्या त्या काळात, जिथे वजीर सुलतान बसवत आणि उठवत, तिथे असा माणूस मला दुसरा सापडलेला नाही.

ही हकिगत कुणी लिहिली, हेही बघायला हवं. मुहम्मद कासिम फरिश्ता तेव्हा नगरलाच नोकरीला होता. 1588 मध्ये मिरान हुसेनने बापाविरुद्ध बंड केलं तेव्हा फरिश्ता राजवाड्याच्या पहाऱ्यावर होता आणि मिरानचा जुना सहाध्यायी म्हणूनच जिवंत सुटला. मूर्तजाला मुलाने न्हाणीघरात कोंडून, खाली जाळ पेटवून मारलं. पुढे फरिश्ता विजापूरला गेला आणि इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने त्याने ग्रंथ लिहिला. सलाबतखान हा त्या दरबाराचा जुना विरोधक. त्याची स्तुती करून लेखकाला काहीच मिळणार नव्हतं. तरीही त्याने या वजिराचा कारभार आणि सचोटी मोकळ्या मनाने लिहून ठेवली. मी या साक्षीला एवढं वजन देतो ते म्हणूनच.

मूर्तजानंतरच्या बेबंदीत सलाबतखान सुटला. सत्ता हाती घेतलेल्या जमालखानाविरुद्ध लढला, हरला, आणि थकलेल्या वयात परतून 1589 साली वारला. भातोडीचा तलाव त्याच्या नावावर सांगतात. शहराच्या पूर्वेला शाह डोंगरावर तीन मजली अष्टकोनी कबर आहे, तीही त्याचीच. तिथे सहली जातात, फोटो निघतात, आणि सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. चांदबीबीने 1595-96 मध्ये मोगलांपुढे नगरचा किल्ला लढवला. तिचं कर्तृत्व दुसऱ्याच्या कबरीवर टेकवायची गरज नाही. आपल्या शाळांच्या सहली त्या डोंगरावर जातातच, तर त्याच दिवशी त्या फराहबागेतही न्याव्यात आणि दोन्ही ठिकाणी मुलांना सलाबतखानाचं नाव सांगावं.