कूलर दुरुस्त करा, पण आधी प्लग काढा!

एप्रिल-मेची परभणी. पारा चाळिशीच्या पुढे, डोक्यावर परीक्षा आणि रूमवरचा कूलर नुसता घरघरतोय. वारा येतोय, तोही गरम. घरमालक म्हणतात, ‘बघू’. मिस्त्री म्हणतो, ‘उद्या येतो’. जिंतूर, गंगाखेड, सेलूहून शिकायला येऊन इथे रूम करून राहिलेल्यांना हा ‘उद्या’ किती लांब असतो ते चांगलंच माहीत आहे.

खरं तर यातले बरेचसे बिघाड तुम्ही स्वतः अर्ध्या तासात काढू शकता. त्यासाठी इंजिनिअरिंगला असायला नको. कूलर चालतो कसा, एवढं कळलं तरी पुरे. बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते, पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना पाणी हवेतली उष्णता ओढून घेतं. म्हणजे तीनच गोष्टी लागतात: गवत सगळीकडे ओलं हवं, पंखा नीट फिरायला हवा आणि खोलीतली हवा बाहेर जायला वाट हवी.

शेवटच्यापासून सुरू करू, कारण तिला एक रुपयाही लागत नाही. खोलीत चिकचिक होते? मग तुम्ही दार-खिडक्या गच्च लावून बसला आहात. कूलर म्हणजे एसी नव्हे. तो खिडकीत किंवा खिडकीजवळ ठेवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडा. पावसाळी हवेत मात्र कूलरला दोष देऊ नका. हवा आधीच दमट असली की पाण्याची वाफ फारशी होत नाही.

गवत एका बाजूला कोरडंच राहतंय? बोअरच्या जड पाण्याचा क्षार पंपाच्या जाळीत आणि वरच्या नळीच्या छिद्रांत बसतो. प्लग काढा, पंप बाहेर घ्या, जाळी उघडून जुन्या टूथब्रशने घासा. छिद्रं सुईने मोकळी करा. क्षार निघत नसेल तर नळी काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ भिजत ठेवा. पंप नेहमी पाण्यात बुडालेला हवा, कोरडा चालला तर जळतो. गवत काळं पडून वास येत असेल तर ते बदलाच. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या कडेला चिकटतात, नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत.

पंखा गुणगुणतो, पण फिरत नाही? किंवा फारच हळू फिरतो? बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो. तो स्वस्तात मिळतो, फक्त जुन्यावर छापलेल्या आकड्याचाच नवा आणायचा. पण कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज साठवून ठेवू शकतो. म्हणून पहिल्यांदा जाणकाराकडून बसवून घ्या आणि शेजारी बसून नीट बघा. पंखा बोटाने ढकलून बघण्याचा शहाणपणा मात्र अजिबात नको. आणि कूलर वॉरंटीत असेल तर तो उघडू नका, सरळ कंपनीला कळवा.

आता महत्त्वाचं. कूलरचा शॉक लागून जीव गेल्याच्या बातम्या आपल्याकडे उन्हाळ्यात येतातच. लोखंडी पत्रा, पाणी आणि अनवाणी पाय, सगळं एकाच जागी. त्यामुळे काही नियम तोंडपाठच करा. पाणी भरताना, हात लावताना, कूलर सरकवताना बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. पायात कोरडी चप्पल हवी. तीन पिनांच्या प्लगमधली जाड पिन अर्थिंगची असते. ती तोडून दोन पिनांवर काम भागवू नका. वायरला टेप गुंडाळून ती पाण्याजवळ लोंबकळत ठेवू नका.

पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तिथेच थांबा. मेन स्विच बंद करा, मगच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे काम तुमचं नाही. खोलीत अर्थिंग आहे का आणि करंट गळला तर वीज तोडणारी आरसीसीबी बसवली आहे का, हे घरमालकांना विचारा. ‘काका, एवढं बघून घ्या ना,’ म्हणायला लाजायचं काय? आणि कुणी कूलरला चिकटलंच, तर त्याला हात न लावता आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ला फोन.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आपण अभिमानाने सांगतो. पान्हा-स्क्रूड्रायव्हर हातात घेताना ती बिनधास्त आठवा. जमलं तर जमलं, नाहीतर मिस्त्री आहेच. फक्त विजेच्या बाबतीत ‘बनी तो बनी’ चालत नाही. आज संध्याकाळी पाणी भरायला उठाल तेव्हा पहिला हात प्लगकडे जाऊ द्या.