नऊचा फोन

कंटेनर बंद पडला, पण अलार्म वाजलाच नाही! मॉनिटरिंगमधला सगळ्यात मोठा फंडा मी एकाही ट्रेनिंगमध्ये शिकलो नाही. तो शिकवला महाडच्या पुराने... आणि आईने.

जून ते सप्टेंबर, रोज रात्री नऊला आमच्या महाडच्या घरी पोलादपूरहून मामाचा फोन येतो. बोलणं जेमतेम अर्धा मिनिट.

‘पाऊस?’
‘नाय ताई, भुरभुर आहे.’
‘जेवलास?’
‘जेवलो.’

संपलं. सुट्टीला घरी आलेले मित्र हसतात. पाऊस नसताना फोन कशाला? त्यांना सांगतो, बाबांनो, यामागे एक अख्खी रात्र आहे. आणि माझा पगार ज्या कामाचा मिळतो ना, ते कामही हेच आहे!

नजर ठेवायचा जॉब

मी पुण्यात, हिंजवडीला. क्लाउडवर चालणाऱ्या अ‍ॅप्सवर नजर ठेवणं हा माझा जॉब. घरी कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरमध्ये आहे’ एवढंच सांगतो. पण तुम्ही बहुतेक याच लाइनमधले, म्हणून थोडं खोलात जातो.

पूर्वी सर्व्हर म्हणजे घरच्या गाईसारखा होता. त्याला नाव असायचं, जागा ठरलेली असायची, आजारी पडला की औषधपाणी व्हायचं. २०१३ मध्ये डॉकर आलं, २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटिस सगळ्यांसाठी खुलं केलं आणि चित्र पालटलं. आता अ‍ॅप छोट्या छोट्या कंटेनरमध्ये चालतं. गर्दी वाढली की दहाचे पन्नास होतात, ओसरली की पुन्हा दहा. सकाळी पाहिलेला कंटेनर संध्याकाळी असेलच असं नाही, आणि त्याच्या जागी आलेल्याचा पत्ताही वेगळा.

प्रॉब्लेम असा, की कंटेनर गेला की त्याच्या पोटातले आकडेही गेले. किती रिक्वेस्ट आल्या, किती फसल्या, मेमरी किती खाल्ली, काही उरत नाही. म्हणून हे आकडे, म्हणजे मेट्रिक्स, वेळेवर बाहेर काढून दुसरीकडे ठेवावे लागतात.

त्याचे दोन रस्ते. पहिला, विचारत फिरायचं. साउंडक्लाउड या कंपनीत २०१२ मध्ये सुरू झालेलं प्रोमिथियस हेच करतं. कोण कोण जिवंत आहे याची यादी कुबरनेटिसकडून घ्यायची आणि दर १५ किंवा ३० सेकंदांनी प्रत्येकाचं दार ठोठवायचं: ‘काय रे, आकडे दे!’ जमलेला माल मग क्लाउडवरच्या मॉनिटरिंग सर्व्हिसकडे पाठवायचा. दुसरा रस्ता, अ‍ॅपनेच आपणहून कळवायचं. २०१९ मध्ये दोन जुने प्रकल्प एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झालं, त्यात हा प्रकार जास्त चालतो. अ‍ॅप आकडे कलेक्टरकडे देतं, कलेक्टर ते पुढे सर्व्हिसला धाडतो.

मामाचा फोन हा दुसऱ्या जातीचा. कळलं ना?

वरची खबर खाली

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, पोलादपूरवरून महाडला येते आणि बाणकोटच्या खाडीतून समुद्राला मिळते. म्हणजे वर घाटात जे कोसळतं, ते आधी मामाच्या गावावरून जातं आणि मग आमच्या दारात येतं. खाडीला भरती असेल तर पाणी पुढे सरकत नाही, गावात पसरतं. त्यामुळे मामाचा नियम साधा होता. पोलादपुरात नदी चढली की ताईला फोन: ‘सामान माळ्यावर टाक.’ मग आई धान्याचे डबे, गाद्या, देवघर, टीव्ही, या क्रमाने वर हलवायची. कित्येक वर्षं ही सिस्टीम सॉलिड चालली.

तिच्यात एक भोक होतं. ते ना मामाला दिसलं, ना आईला, ना मॉनिटरिंगचा पगार घेणाऱ्या मला.

सरळ रेषेचा धोका

२०२१ च्या उन्हाळ्यात ऑफिसात एक घोळ झाला. आमचं एक काम रोज रात्री चालायचं, ४० सेकंदांत दिवसभराचा पैशांचा हिशेब जुळवायचं आणि कंटेनर बंद व्हायचा. आमचं प्रोमिथियस मिनिटाला एकदा दार ठोठवायचं, त्यामुळे बऱ्याचदा ते पोचेपर्यंत घर रिकामं! अशा कामांसाठी पुशगेटवे असतो. जाताजाता कामाने आपला आकडा तिथे ठेवायचा, प्रोमिथियस सवडीने उचलतं. मी तो बसवला. ‘फसलेले व्यवहार ५ च्या वर गेले तर मला उठव’ असा अलार्मही लावला. खुश!

एके रात्री ते काम सुरूच झालं नाही. दुसऱ्या रात्रीही नाही. तिसऱ्या रात्रीही नाही. पुशगेटवेचा स्वभाव असा, की शेवटचा आकडा कुणी पुसेपर्यंत तो तसाच दाखवत राहतो. शेवटचा आकडा होता शून्य. त्यामुळे ग्राफवर तीन दिवस सरळ, हिरवी, गुणी रेषा. चौथ्या दिवशी क्लायंटचा फोन आला तेव्हा कळलं. चूक माझीच होती. मी ते एक काम दुरुस्त केलं, सॉरीचा मेल टाकला आणि विसरून गेलो.

खरं तर तेव्हाच घरचं भोक दिसायला हवं होतं. आमच्या महाडकरांना हा धडा नवा नव्हता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा १९२८ चा पूल कोसळला, दोन एसटी आणि इतर गाड्या पुरात गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी झाली होती आणि धोका नसल्याचं सांगितलं गेलं होतं. मे महिन्यातला ‘ठीक’ हा शेरा ऑगस्टच्या पुरातही ‘ठीक’ म्हणूनच उभा होता. जुना आकडा खोटा नसतो हो. फक्त जुना असतो.

‘म्हटलं, पाणी नाही...’

२२ जुलै २०२१. महाबळेश्वरला २३ तारखेच्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. महाड पाण्याखाली गेलं. त्याच गुरुवारी संध्याकाळी तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडींनी माणसं गाडली.

मी पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, समोर दोन मॉनिटर. हजारो किलोमीटरवरच्या डेटा सेंटरमधल्या कंटेनरची मेमरी मला सेकंदासेकंदाला दिसत होती. आईची खबर नव्हती. वीज नाही, मोबाइलचे टॉवर बंद. फोनवर तिचा शेवटचा मेसेज: ‘पाऊस आहे. काळजी करू नको.’ मी तो किती वेळा उघडला असेन? दोन दिवस तेच वाक्य, तसंच, हिरवंगार. माझा पुशगेटवे...

शनिवारी शेजाऱ्यांच्या फोनवरून तिचा आवाज आला. रात्री पाणी उंबऱ्यावर आलं तेव्हा जाग आली, वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने तिला हाताला धरून वर ओढलं. देवघर गेलं, टीव्ही गेला, बाबांचे सगळे फोटो गेले. नेसत्या साडीनिशी ती दोन रात्री लोकांच्या घरात होती.

‘अगं, पण सामान वर का नाही टाकलंस? तू का नाही आधी गेलीस?’ मी जवळजवळ ओरडलोच.

ती शांतपणे म्हणाली, ‘मामाचा फोन नाही आला. म्हटलं, पाणी नाही.’

मामाकडेही लाइन मेली होती. तो रात्रभर नंबर फिरवत होता.

फोन नाही म्हणजे पाणी नाही. आकडा नाही म्हणजे चूक नाही. माझ्या आईने आणि मी अगदी एकसारखा कोड लिहिला होता.

आता काय करतो?

ऑफिसात मी सगळे अलार्म पुन्हा लिहिले. तुम्हीही या चार गोष्टी तपासा:

* गैरहजेरीचा अलार्म लावा. ‘५ पेक्षा जास्त’ ही अट आकडाच नसेल तर कधीच खरी होत नाही. आकडा येणंच थांबलं तर वाजेल असा वेगळा अलार्म हवा.
* शेवटच्या यशाची वेळ पाठवा. पुशगेटवेत नुसता निकाल ठेवू नका. काम शेवटी केव्हा नीट झालं ती वेळही ठेवा आणि ती शिळी झाली की बोंब मारा.
* दोन पातळ्या ठेवा. महाडला सावित्रीची इशारा पातळी ६ मीटर आहे, धोका पातळी साडेसहा. इशाऱ्याला मेसेज, धोक्याला झोपेतून उठवणारा फोन. सगळंच धोका केलंत तर आठवड्यात कुणी फोन उचलणार नाही.
* लेबलं आवरा. प्रत्येक आकड्याला ग्राहकाचा आयडी चिकटवला की बिल फुटतं. २०० कंटेनर, प्रत्येकी ५०० आकडे, दर १५ सेकंदांनी, म्हणजे दिवसाला ५७ कोटी ६० लाख नोंदी! मिनिटाला एकदा घेतले तर चौथा हिस्सा.

आणि घरी? घरी नियम बदलला. पावसाळ्यात रोज नऊला फोन, पाऊस असो वा नसो. सव्वानऊपर्यंत आला नाही तर धोका समजायचा. आईने आधी मामाला लावायचा, मग त्याच्या शेजाऱ्यांना, मग मला. आणि मी कुणाला विचारण्याआधी तिने चार डबे घेऊन वर जायचं.

मागच्या पावसाळ्यात एकदा सव्वानऊ वाजले, फोन नाही. पोलादपुरात मामाचे शेजारी टॉर्च घेऊन त्याच्या दारात गेले. मामा सीरियल बघता बघता खुर्चीतच घोरत होता. इकडे आई डबे घेऊन जिन्यात.

मामा ओशाळला. ‘ताई, उगाच धावपळ झाली ना तुझी?’

‘होऊ दे,’ आई म्हणाली. ‘जेवलास?’