मुतखडा: तीन उपायांची तुलना

नीरेच्या डाव्या कालव्यानें आणि उजनीच्या जलाशयानें बारामती-इंदापूरच्या शिवाराला ऊंस दिला. पाणी शेताला मिळालें. पण भर उन्हांत राबणाऱ्या माणसाच्या पोटांत तें पुरेसें जातेंच असें नाहीं. अंगांतील पाणी घामावाटे जातें, लघवी थोडी व दाट होते आणि तिच्यांतील क्षारांचे स्फटिक मूत्रपिंडांत सांचूं लागतात. कचेरींत बसून तहान विसरणाऱ्या शहरवासीयालाही हा नियम चुकत नाहीं.

कुशींत कळ उठते, तपासणींत खडा दिसतो, आणि मग ‘बिनटांक्याचें ऑपरेशन’ अशा पाट्या डोळ्यांत भरूं लागतात. जखम किती लहान, एवढीच चौकशी होते. परंतु खडा केवढा आहे, कोठें आहे आणि किती कठीण आहे, हें आधीं पाहावें लागतें. मूत्रवाहिनींतील पांच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. मात्र कळेबरोबर थंडीताप आला तर एक दिवसही थांबूं नये. अडलेल्या लघवींत जंतू वाढले असतां ती लघवी आधीं वाट करून काढावी लागते. खड्याचें मागाहून पाहतां येतें.

बाहेरून आघात-लहरी सोडून खडा फोडण्याचा उपाय प्रथम १९८० सालीं म्युनिक येथें डॉ. शॉसी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं रोग्यावर केला. यंत्र बनविलें होतें विमानें बांधणाऱ्या डॉर्नियर कंपनीनें, आणि रोग्याला पाण्याच्या टाकींत बसवावें लागे! या उपायांत अंगांत कांहींच घालावें लागत नाहीं. पण खडा फुटला म्हणजे संपला असें नव्हे; त्याचा चुरा लघवीवाटेच बाहेर पडावयाचा असतो. मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यांतील चुऱ्याला वर चढून यावें लागतें, व तो पुष्कळदां तेथेंच राहतो. फार कठीण खडे तर फुटतही नाहींत. गर्भवतीला आणि रक्त न गोठण्याचा विकार असणाऱ्याला हा उपाय वर्ज्य आहे.

दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठीं पाठींतून सुमारें एक सेंटिमीटरचें छिद्र पाडून, दुर्बिणीनें पाहत खडा फोडून काढणें हाच सामान्यतः पहिला पर्याय समजला जातो. ही वाट १९७६ सालीं स्वीडनमधील फर्नस्ट्रॉम व योहान्सन यांनीं दाखविली. यांत रक्तस्रावाचें भय अधिक असतें व कांहीं दिवस रुग्णालयांत राहावें लागतें. पण मोठा खडा बहुधा एकाच खेपेंत निघतो.

तिसरा उपाय नैसर्गिक मार्गाचा. लघवीच्या वाटेनें बारीक दुर्बीण वर नेतात आणि लेसरनें खडा फोडतात. लेसर हें नुसतें हत्यार आहे. पाठीच्या छिद्रांतूनही तें वापरतां येतें. म्हणून ‘लेसरनें केलें’ एवढ्यानें कोणती शस्त्रक्रिया झाली हें कळत नाहीं. या उपायांत जखम नसते, परंतु भूल द्यावी लागते आणि नंतर पुष्कळदां मूत्रवाहिनींत स्टेंट नांवाची मऊ नळी ठेवतात. तिच्यामुळें लघवीला जळजळ होते, वरचेवर जावें लागतें. खरा धोका मात्र तिचा विसर पडण्यांत आहे. कळ थांबली, ऊंसतोडीची घाई लागली, मुदत टळली, कीं त्या नळीवरच क्षारांचे थर चढतात. ती काढण्यासाठीं मग नवी शस्त्रक्रिया करावी लागते.

इंदापूरहून सुमारें ५० किलोमीटरवरील बारामतीला उपचारासाठीं येणाऱ्याचा हिशोब म्हणूनच शहरांतल्यापेक्षां निराळा होतो. लहरींच्या उपायाला दुसरी खेप लागूं शकते. दुर्बिणीनंतर स्टेंट काढावयास यावें लागतें. पाठींतून काढल्यास मुक्काम लांबतो, तरी मोठा खडा असेल तर हेलपाटे बहुधा कमी. तेव्हां ‘टांके किती?’ याबरोबरच ‘यावें किती वेळां लागेल, आणि आंत कांहीं ठेवणार असाल तर तें कोणत्या तारखेला काढणार?’ हेंही विचारून, ती तारीख कागदावर लिहून घ्यावी.