शतावरी, शोभेची
शतावरी, शोभेची : (लॅ. ॲस्पॅरॅगस; कुल-ॲस्पॅरॅगेसी; पूर्वीच्या वर्गीकरणात लिलिएसी अथवा पलांडू कुल). फुलझाडांतील ॲस्पॅरॅगस या वंशातील, पानांसारख्या दिसणाऱ्या नाजूक हिरव्या अवयवांसाठी कुंड्यांत, टांगत्या टोपल्यांत व वाफ्यांत लावल्या जाणाऱ्या काही बहुवर्षायू जातींना उद्देशून ही संज्ञा येथे वापरली आहे. रोपवाटिकांत त्यांना सर्रास ‘फर्न’ म्हणतात. परंतु नेच्यांशी त्यांचे काहीही नाते नाही. नेच्यांना फुले व बिया येत नाहीत. या वनस्पतींना दोन्ही येतात. औषधी शतावरी (ॲ. रॅसिमोसस) आणि भाजीसाठी लावली जाणारी शतावरी (ॲ. ऑफिसिनॅलिस) या त्यांच्याच वंशातील होत. [⟶ शतावरी].

शोभेच्या बहुतेक जाती मूळच्या दक्षिण व पूर्व आफ्रिकेतील. खरी पाने खवल्यांएवढी लहान असून जून खोडावर त्यांचेच काटे बनतात. त्यांच्या बगलेत येणारी सुईसारखी वा चपटी हिरवी अंगे म्हणजे रूपांतरित खोडे (पर्णकांडे) असून अन्ननिर्मिती तीच करतात. जमिनीत आखूड मूलक्षोड व त्यापासून निघालेली अनेक मांसल मुळे असतात. काही जातींत या मुळांवर पांढरट गाठी येतात. त्यांत पाणी साठविलेले असल्याने झाड काही दिवसांची कोरड सहज सोसते; मात्र सतत ओल्या मातीत हीच मुळे प्रथम कुजतात. झाडाच्या निगेचे बहुतेक नियम या एका गोष्टीतून निघतात. फुले लहान, पांढरी, बहुधा सुवासिक. परिदले व केसरदले प्रत्येकी सहा. किंजपुट ऊर्ध्वस्थ व तीन कप्प्यांचा. मृदुफळे वाटाण्याएवढी, पिकल्यावर लाल किंवा काळी.

बागांतून सर्वांत अधिक आढळणारी जाती ‘स्प्रेंगेरी’ ही होय. नेपल्स येथे रोपांचा व्यवसाय करणारे जर्मन उद्यानवेत्ते कार्ल श्प्रेंगर (१८४६–१९१७) यांच्यावरून हे नाव १८९० मध्ये देण्यात आले. बागकामाच्या पुस्तकांत ती ॲ. डेन्सिफ्लोरस या जातीचा प्रकार म्हणून दिलेली असते. आता वनस्पतिशास्त्रज्ञ तिचा समावेश बहुधा ॲ. इथिओपिकस या जातीत करतात. तिच्या कमानदार, काटेरी फांद्या सु. १ मी.पर्यंत लोंबतात, पर्णकांडे चपटी, १–२·५ सेंमी. लांब, फळे तांबडी. ‘मायर्सी’ या प्रकारात फांद्या ताठ व दाट असून कोल्ह्याच्या शेपटीसारख्या टोकाकडे निमुळत्या होतात. ॲ. सेटॅसियस (जुने नाव ॲ. प्लुमोसस) ही बारीक खोडाची वेल असून तिच्या फांद्या एका पातळीत पसरलेल्या, पिसासारख्या दिसतात, फळे काळसर. सत्कारसमारंभात पाहुण्यांच्या हाती दिल्या जाणाऱ्या गुलाबामागे जी तलम हिरवी डहाळी असते, ती बहुधा हिचीच. यूरोपात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फुलांच्या रचनेत तिचा वापर होत आला आहे. कापलेली डहाळी पाण्यात बरेच दिवस टिकते, हे तिच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण.

लागवड व निगा : या झाडांना भरपूर पण गाळलेला उजेड लागतो. कोकण किनाऱ्यावरील हवा त्यांना एकंदरीत मानवते. अडचण येते ती पावसाची व सदनिकांच्या रचनेची. नवी मुंबईचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सिडकोने (स्थापना १९७०) भातशेती, मिठागरे व खाडीलगतच्या सखल भूमीवर भराव घालून वसविलेल्या या शहरात मोकळे अंगण थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांची बाग म्हणजे सज्जा आणि खिडकीची जाळी. पूर्वेकडील वा उत्तरेकडील सज्जात स्प्रेंगेरी वर्षभर हिरवी राहते. पश्चिमेकडे एप्रिल-मेमधील दुपारचे ऊन पर्णकांडे पिवळी करून गाळते. तेथे हिरव्या जाळीचा आडोसा करणे किंवा कुंडी मोठ्या झाडामागे ठेवणे श्रेयस्कर. दिवाणखान्यातील अंधाऱ्या कोपऱ्यातही ती पिवळीच पडते. त्यामुळे पिवळेपणा दिसताच पाणी वाढविण्याची जी सवय असते, ती बहुधा घातक ठरते. प्रथम झाडाची जागा तपासावी.

कुंडीसाठी पोयटा माती, कुजलेले शेणखत किंवा पानांचे खत आणि जाड वाळू यांचे सारख्या प्रमाणातील मिश्रण चांगले. वाळूऐवजी नारळाचा भुसा अधिक घातल्यास पावसाळ्यात मिश्रण ओले राहते. मुळे फुगून माती वर उचलतात, म्हणून कडेपासून ३–४ सेंमी. जागा मोकळी सोडतात. हे न केल्यास वर्षा-दीड वर्षात पाणी वरूनच वाहून जाते आणि कुंडीचा गाभा कोरडा राहतो. दर दोन वर्षांनी झाड मोठ्या कुंडीत हलवावे किंवा विभागावे. उन्हाळ्यात वरची माती सुकताच भरपूर पाणी देऊन ते तळातून निथळू द्यावे. जून ते सप्टेंबर या काळात पावसाच्या माऱ्यात असलेल्या कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाकाव्यात व कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात. कोकणात या झाडांचा नाश तहानेपेक्षा ताटलीत साचलेल्या पाण्यानेच अधिक होतो. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा पातळ द्रवखत पुरते. वातानुकूलित खोलीतील कोरड्या हवेत लाल कोळी लागून पर्णकांडांवर फिकट ठिपके पडतात. झाड बाहेर आणून पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतल्यास प्रादुर्भाव आटोक्यात येतो. खवले कीड व पिठ्या ढेकूणही क्वचित त्रास देतात.

जमिनीत लावताना निचऱ्याकडे लक्ष पुरवावे लागते. भरावाच्या जमिनीत मुरुमाचा व दगडांचा थर घट्ट बसलेला असतो. तेथे खड्डा करून लावलेले झाड पावसाळ्यात हौदात उभे राहिल्यासारखे होते. त्यापेक्षा २०–३० सेंमी. उंचीचे वाफे करून त्यांत लागवड करणे सोयीचे. पुणे, नासिक यांसारख्या कोरड्या हवेच्या ठिकाणी ही अडचण कमी. पण उन्हाळ्यात सावली व पाणी अधिक द्यावे लागते.

जुन्या, विरळ फांद्या अर्ध्यावर न छाटता बुडापासून कापाव्यात. छाटलेल्या टोकाची लांबी पुन्हा वाढत नाही. नवे कोंब मूलक्षोडातूनच येतात. काट्यांमुळे हातमोजे वापरणे बरे.

अभिवृद्धी : ती बिया किंवा विभागणी यांनी होते. ताजे बी गर काढून, एक दिवस पाण्यात भिजवून पेरल्यास सु. तीन ते पाच आठवड्यांत रुजते. विभागणी पावसाळ्याच्या आरंभी धारदार सुरीने करतात. प्रत्येक भागात मूलक्षोडाचा कोंबासह तुकडा हवा. केवळ मुळावरची गाठ लावून रोप मिळत नाही, कारण तिच्यावर डोळे नसतात. बटाट्याच्या सवयीने अनेकांची येथे फसगत होते.

सावधगिरी : शोभेच्या जातींची फळे खाण्याजोगी नाहीत. त्यांतील सॅपोनीनयुक्त द्रव्यांमुळे वांती व जुलाब होतात. कुत्री व मांजरे यांनाही ती बाधतात, तर पर्णकांडांच्या सततच्या संपर्काने काहींच्या त्वचेस खाज सुटते. तांबडी फळे मुलांना आकर्षक वाटतात, म्हणून टांगती कुंडी घरात असल्यास फळे वेळीच खुडून टाकावीत. याहून अधिक महत्त्वाची बाब अशी की, नावातील साम्यामुळे कुंडीतील झाडाच्या गाठी ‘शतावरी’ म्हणून औषधात वापरण्याचा मोह होतो. आयुर्वेदातील शतावरी ही सह्याद्रीच्या व कोकणच्या झाडीत रानटी वाढणारी, ॲ. रॅसिमोसस ही निराळी जाती असून तिच्या मुळांचे गुण आफ्रिकी जातींत असल्याचे मानण्यास आधार नाही. रानटी शतावरी काटेरी वेल म्हणून कुंपणावर चढविता येते व पावसाळ्याच्या अखेरीस येणाऱ्या सुवासिक फुलोऱ्यामुळे तीही शोभिवंत ठरते. रोपवाटिकांनी तिच्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, हे आश्चर्यच. तिची रोपे मात्र बियांपासून करावीत. रानातील मुळे उपटून आणू नयेत.

पक्षी फळे खाऊन बिया दूरवर टाकतात, त्यामुळे उष्ण व दमट प्रदेशांत या जाती बागेबाहेर पसरतात. ऑस्ट्रेलिया, हवाई बेटे व फ्लॉरिडा येथे स्प्रेंगेरी उपद्रवी तण ठरली आहे. तिची भाऊबंद ॲ. अस्पॅरॅगॉइडिस ही वेल ऑस्ट्रेलियात इतकी माजली की, तिला आवर घालण्यासाठी २००० मध्ये तिच्यावरील तांबेरा रोगाची कवके तेथे मुद्दाम सोडण्यात आली. पारसिकची टेकडी, खारघरचे डोंगर किंवा कर्नाळा पक्षी अभयारण्य (१९६८) यांच्या कडेला राहणाऱ्यांनी छाटलेल्या फळांसह फांद्या उतारावर टाकू नयेत. त्या पिशवीत बांधून कचऱ्यात द्याव्यात किंवा फळे धरण्यापूर्वीच फुलोरा काढावा.