अर्ज आधी कोण वाचतो?

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे निघालो की वाटेत सातपूर लागते. साठच्या दशकात येथे औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुढे शेजारी अंबडलाही. मोटारी, त्यांचे सुटे भाग, विजेची उपकरणे, टायर, औषधे अशा कितीतरी वस्तू या भागात तयार होतात. पूर्वी येथे नोकरी शोधायची म्हणजे सायकल काढायची, कारखान्यांच्या फाटकांवरचे फलक वाचत हिंडायचे आणि सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवून पत्राची वाट पाहायची. आता हे सारे मोबाइलवर होते. ‘नोकरी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ १९९७ मध्ये निघाले, केंद्र सरकारचे ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ २०१५ मध्ये.

आमच्या परिचयाची, सातपूरच्या कामगार वस्तीत वाढलेली एक मुलगी गेल्या वर्षी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली. गुण चांगले होते. चार महिन्यांत तिने सव्वाशे अर्ज पाठवले. ‘आपला अर्ज मिळाला’ एवढीच उत्तरे आली, आणि तीही संगणकाने आपोआप धाडलेली. ‘मी तीन वर्षं जे शिकले त्याचा कोणाला उपयोगच नाही का?’ असे तिने आम्हाला विचारले. आम्ही तिचा अर्ज मागवून घेतला.

अर्ज नेटका होता. मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची आवड, संगणकाचे ज्ञान, चमूत काम करण्याची तयारी, असे सगळे त्यात होते. खोटे एक अक्षर नव्हते. मग अडले कोठे? हे समजण्यासाठी असा अर्ज पाठवल्यावर त्याचे काय होते ते पाहू.

एका जागेसाठी हजार अर्ज आले, असे समजा. ते सगळे वाचायला कारखान्यातल्या अधिकाऱ्याला वेळ नसतो. तो संगणकाला दोन-चार शब्द देतो आणि वर आलेले पंधरा-वीस अर्ज उघडतो. संगणकही ऐन वेळी हजार अर्ज वाचत बसत नाही. जाड पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कोणता शब्द कोणकोणत्या पानांवर आहे हे सांगणारी? तशी सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते. ‘टायट्रेशन’ हा शब्द दिला की तो कोणत्या अर्जांत आहे हे क्षणात कळते.

पण त्यांतला कोणता अर्ज वर ठेवायचा? याचे एक सुरेख उत्तर केंब्रिजच्या संशोधक कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. (या बाई संशोधनाकडे वळण्यापूर्वी काही काळ शाळेत शिकवत असत.) त्यांचे म्हणणे असे, की जो शब्द सगळ्याच कागदांत आहे तो कागद निवडायला निरुपयोगी असतो आणि जो थोड्याच कागदांत आहे तो मोलाचा. हे मोल असे काढतात: एकूण कागदांच्या संख्येला तो शब्द असलेल्या कागदांच्या संख्येने भागायचे आणि येणाऱ्या भागाकाराचा लॉगरिदम घ्यायचा. आपल्या हजार अर्जांत ‘मेहनती’ हजारही जणांनी लिहिले असेल तर भागाकार १ आणि त्याचा लॉगरिदम शून्य. ‘संगणकाचे ज्ञान’ पाचशे जणांनी लिहिले असेल तर भागाकार २, मोल ०.३. ‘टायट्रेशन’ दहाच अर्जांत असेल तर भागाकार १०० आणि मोल २. आमच्या मैत्रिणीच्या अर्जातले जवळजवळ सगळे शब्द शून्याच्या आसपास मोलाचे होते. मेहनती असणे कमी महत्त्वाचे असे संगणकाचे मुळीच म्हणणे नाही. त्या शब्दावरून त्याला हिचा अर्ज इतर नऊशे नव्व्याण्णव अर्जांपासून वेगळा काढता येत नाही, एवढेच.

हे वर्गात करून पाहता येईल. प्रत्येक मुलाने एका कागदावर, नाव न घालता, स्वतःला येणाऱ्या गोष्टींचे दहा शब्द लिहावेत. मग फळ्यावर सूची करावी. ‘क्रिकेट’ किती कागदांत आले? ‘कलम बांधणे’ किती? चाळीसच्या वर्गात एकाच मुलाने ‘कलम बांधणे’ लिहिले असेल तर भागाकार ४०, मोल सुमारे १.६. आता कोणीतरी एक काम सांगावे आणि दोन शब्दांत त्यासाठी योग्य मुलगा शोधून काढावा. आम्ही हा खेळ घेतला तेव्हा एक मजा झाली. घरचा पंप दुरुस्त करणाऱ्या मुलाने ‘मोटार’ लिहिले होते, शोधणाऱ्याने ‘पंप’ शोधले, आणि जो मुलगा हवा होता तोच सापडला नाही!

आमच्या मैत्रिणीचेही नेमके असेच झाले होते. तिच्या प्रयोगवहीत ‘व्हॉल्यूमेट्रिक अ‍ॅनालिसिस’ या मथळ्याखाली बरेच प्रयोग होते: ब्युरेट, पिपेट, प्रमाणित द्रावण, तीन जुळणारी वाचने. कारखान्याच्या जाहिरातीत या कामाला ‘टायट्रेशन’ म्हटलेले असते. काम एकच, पण महाविद्यालयात त्याचे नाव एक आणि कारखान्यात दुसरे. माणसाला हे लगेच कळले असते. निव्वळ अक्षरे जुळवणाऱ्या संगणकाला ते कळत नाही. शब्दांच्या शेजारपाजारावरून अर्थ ताडणाऱ्या नव्या पद्धती गेल्या दहा-बारा वर्षांत आल्या आहेत. पण आपला अर्ज ज्या संगणकाकडे जातो तो यांपैकी कोणती पद्धत वापरतो हे उमेदवाराला कोणी सांगत नाही. तेव्हा दोन्ही नावे लिहावीत, ‘क्वालिटी कंट्रोल’ आणि ‘क्यूसी’ सुद्धा. न येणारे शब्द मात्र घुसडू नयेत. मुलाखत शेवटी माणूसच घेतो.

दुसरी अडचण अनुभवाची. जाहिरातीत ‘किमान एक वर्ष’ असे असले की कोऱ्या पदवीधराचा अर्ज चाळणीतच अडकतो. यावरची एक वाट मुलांना फारशी ठाऊक नसते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. आय.टी.आय.ची मुले त्याचा लाभ घेत आली आहेत, सातपूरच्या आय.टी.आय.त हे कोणीही सांगेल. पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही तो खुला झाला, हे बी.एस्सी.च्या वर्गांपर्यंत पोचलेले आम्हाला क्वचितच दिसले. या नोंदणीसाठी सरकारी संकेतस्थळे आहेत, आणि कारखान्यात काढलेले ते वर्ष अर्जात अनुभव म्हणून लिहिता येते.

त्या चार महिन्यांत तिला एक ‘नेमणूकपत्र’ही आले होते. मुलाखत नाही, काही नाही. गणवेशाची अनामत म्हणून साडेतीन हजार रुपये मात्र आधी भरायचे! वडील भरायला निघालेच होते. असा निरोप लाख जणांना पाठवायला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. लाखातल्या वीस जणांनी पैसे भरले तरी सत्तर हजार झाले. नोकरीसाठी पैसे मागितले की तेथेच थांबावे, आणि पैसे गेले असतील तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे.

आता ओळखीपाळखीविषयी. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात, ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांना विचारले, की ज्याने ही जागा सांगितली त्याची तुमची गाठ तेव्हा कितीदा पडत असे? आठवड्यातून दोनदा किंवा अधिक असे सांगणारे १६.७ टक्केच निघाले. ५५.६ टक्क्यांची गाठ कधीमधी पडे, २७.८ टक्क्यांची वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. हा निबंध १९७३ चा. ५४ हा आकडा लहान आहे, हे खरे. पण लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवर २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले, आणि तेथेही जवळच्या ओळखींपेक्षा बेताच्या ओळखी नोकरीला अधिक उपयोगी पडल्याचे दिसले. अगदी नावापुरत्या ओळखी मात्र तितक्या उपयोगी नव्हत्या.

असे का व्हावे? आमच्या मैत्रिणीच्या वडिलांचे मित्र एकाच कारखान्यातले. त्यांना एकमेकांच्या सगळ्या बातम्या ठाऊक. त्यामुळे दहा जणांना विचारले तरी बातमी एकच मिळायची. नवी बातमी वेगळ्या वर्तुळातल्या माणसाकडून येते. ज्यांच्या घरात अशी वेगळी वर्तुळे नसतात त्यांना ती महाविद्यालयातच मिळू शकतात. आम्ही तिला विचारले, ‘तुझ्यापुढच्या दोन-तीन तुकड्यांतली मुलं कुठे आहेत?’ तिला माहीत नव्हते. विभागातल्या बाईंकडे मात्र सगळ्यांची माहिती होती. तुम्ही शिक्षक असाल तर तुमच्याकडेही असेल.

तिने प्रयोगवही काढून अर्ज नव्याने लिहिला. बाईंनी सांगितलेल्या तीन वर्षे पुढच्या एका मुलीला भीत भीत निरोप पाठवला. तिच्याकडून अंबडच्या एका तपासणी प्रयोगशाळेतली जागा कळली आणि मुलाखतीचे बोलावणे आले. तेथे पहिलाच प्रश्न होता: व्हिनेगरमधले आम्ल सोडियम हायड्रॉक्साइडने मोजताना फिनॉल्फ्थॅलीन का घेता, मिथिल ऑरेंज का नाही? तिने सांगितले, की आम्ल सौम्य आणि अल्कली तीव्र असल्यामुळे समतुल्य बिंदूला द्रावणाचा सामू ८ ते ९ च्या दरम्यान असतो; मिथिल ऑरेंज ४ च्या आसपासच रंग बदलून मोकळे होते, वाचन फार कमी येते. परीक्षकांनी मग तिला ब्युरेटपाशी नेले आणि तीन जुळणारी वाचने काढून दाखवायला सांगितली.