सरपणासाठी चेनसॉ: स्वस्त घ्यावा की व्यावसायिक?

कोकणात आणि घाटमाथ्यावर मे महिना सरत आला की पावसाळ्याच्या सरपणाची घाई सुरू होते. कुऱ्हाड चालवणारा गडी सहज मिळत नाही आणि मिळाला तरी त्याची मजुरी परवडत नाही. जून 2020 मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीतल्या बागा आडव्या केल्या, तेव्हा चेनसॉची किंमत अनेक घरांना कळली. पण दुकानात गेले की गोंधळ उडतो. वरून सारखीच दिसणारी दोन मशीन असतात. एक पाच-सात हजारांना मिळते, दुसऱ्याला चाळीस हजारांच्याही पुढे मोजावे लागतात. हा फरक कशाचा, आणि तो आपल्याला लागतो का, ते पाहू.

आधी कामाचा हिशोब

घरच्या चुलीपुरते आणि न्हाणीतल्या पाण्यापुरते सरपण वर्षातल्या चार-सहा दिवसांत कापून होते. गुऱ्हाळाला, वीटभट्टीला किंवा हॉटेलला जळण पुरवणाऱ्याचे मशीन मात्र हंगामभर, दिवसाला पाच-सहा तास चालते. व्यावसायिक मशीन या दुसऱ्या माणसासाठी बनवलेले असते. खरेदीला निघण्यापूर्वी आपले मशीन वर्षात किती तास चालणार, याचा अंदाज कागदावर मांडा. निम्मा निर्णय तिथेच होतो.

सीसीच्या आकड्याला भुलू नका

बिननावाच्या स्वस्त मशीनवर ‘58 सीसी’ असे ठळक छापलेले असते. आकडा पारखायचा तर सिलिंडरचा बोअर आणि स्ट्रोक विचारा. बोअरचा वर्ग गुणिले 0.785 गुणिले स्ट्रोक, हे सगळे सेंटिमीटरमध्ये धरले की सीसी निघतात. बोअर 45 मिलिमीटर आणि स्ट्रोक 34 मिलिमीटर असेल, तर इंजिन 54 सीसीचे झाले, डब्यावर काहीही छापलेले असो.

सीसीपेक्षा ताकद किती आणि वजन किती, हे महत्त्वाचे. स्टिल कंपनीचे एमएस 180 हे घरगुती मॉडेल 31.8 सीसीचे आहे आणि वजनाला साधारण चार किलो भरते. त्याच कंपनीचे एमएस 382 हे व्यावसायिक मॉडेल 72.2 सीसीचे, सहा किलोंच्या पुढचे. त्यात बार, चेन, पेट्रोल आणि ऑइलचे वजन वेगळे. ज्याला रोजची सवय नाही, त्याचे हात दोन तासांत भरून येतात. थकलेल्या हातात चेनसॉ असणे हाच मोठा धोका.

जास्तीचे पैसे कशाचे?

व्यावसायिक मशीनचा क्रँककेस मॅग्नेशियम धातूचा असतो. तो उष्णता सोसतो आणि दुरुस्तीसाठी पूर्ण खोलता येतो. स्वस्त आणि घरगुती मशीनमध्ये बरेच भाग प्लॅस्टिकचे असतात. दिवसभर तापत राहिले की ते लवकर थकतात.

दुसरा फरक हादऱ्यांचा. महागड्या मशीनमध्ये इंजिन आणि मुठी यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात, स्वस्तात बहुधा रबराचे तुकडे. वर्षानुवर्षे रोज हादरे बसले तर बोटांचा रक्तपुरवठा बिघडतो, बोटे पांढरी पडतात आणि बधिर होतात. रोज मशीन धरणाऱ्याने यासाठी जादा पैसे मोजलेच पाहिजेत. वर्षातून चार दिवस धरणाऱ्याला त्याची तितकी निकड नाही.

तिसरी गोष्ट सुट्या भागांची. क्लच, कार्बोरेटर, ऑइल पंप, दोरीची स्प्रिंग हे भाग तालुक्याच्या गावी मिळतात का, आणि मिस्त्री ते मशीन हातात घेतो का, हे आधी विचारा. पुष्कळ स्वस्त मशीन निकामी होतात ती इंजिन गेल्यामुळे नव्हे, तर शंभर-दोनशे रुपयांचा भाग न मिळाल्यामुळे.

बार किती लांब?

स्वस्त मशीनसोबत 20-22 इंची बार देतात, तो रुबाबदार दिसतो. चुलीच्या सरपणाला त्याची गरज नाही. 14-16 इंची बारने दोन्ही बाजूंनी छेद देऊन दोन फूट जाडीचा ओंडकाही कापता येतो. आखूड बार ताब्यात राहतो, इंजिनावर भार कमी येतो आणि चेनही स्वस्त पडते.

कापते ती चेन

आजची चेन ज्या दातावर चालते, तो अमेरिकेतल्या जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने 1947 मध्ये बाजारात आणला. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे डावी-उजवीकडे कसे चालतात, ते पाहून त्याला ही कल्पना सुचली. हे दात बोथट असतील तर पन्नास हजारांचे मशीनही नुसता धूर काढते.

धार ओळखायची खूण सोपी आहे. मशीनखाली जाडसर कीस पडत असेल तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला आणि बार दाबावा लागू लागला की थांबा. गोल कानस घ्या: लहान मशीनच्या 3/8 इंच लो प्रोफाइल चेनीला 4 मिलिमीटरची, 0.325 इंच पिचच्या चेनीला 4.8 मिलिमीटरची. साधारण 30 अंशांच्या कोनात, आतून बाहेर, प्रत्येक दाताला सारखेच हात मारा. दातापुढचा छोटा उंचवटा दाताच्या टोकापेक्षा साधारण 0.65 मिलिमीटर खाली हवा. बाभळीसारखे कठीण लाकूड कापताना, किंवा ओंडका मातीत लोळलेला असेल तर, धार फार लवकर जाते.

पेट्रोल आणि ऑइल

बहुतेक चेनसॉ टू-स्ट्रोक असतात. चांगल्या टू-टी ऑइलला 50:1 प्रमाण चालते, म्हणजे लिटरला 20 मिलिलिटर. काही स्वस्त मशीन 25:1 मागतात, म्हणजे 40 मिलिलिटर. पुस्तिकेत लिहिलेलेच प्रमाण पाळा. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतले पाणी ओढते. म्हणून काम संपले की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. वर्षभर पडून राहिलेले मशीन सुरू न होण्यामागे बहुधा कार्बोरेटरमध्ये साठलेले जुने पेट्रोल असते.

चेनीचे ऑइल वेगळे. पेट्रोल भरताना दर वेळी तेही भरा. जळके इंजिन ऑइल वापरू नका. त्यातल्या धातूच्या कणांनी पंप आणि बार झिजतात.

सुरक्षेचे पैसे वेगळे काढा

बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येते. त्यासाठी चेन ब्रेक असतो. तो चालतो की नाही, हे दुकानातच सुरू करून पाहा. हेल्मेट-जाळी, कानाचे संरक्षण, हातमोजे, बूट आणि पायांचे चेनरोधक आवरण यांचा खर्च मशीनच्या बजेटमध्येच धरा. चप्पल आणि लुंगीवर चेनसॉ चालवू नये. खांद्याच्या वर मशीन नेऊ नये आणि एकट्याने कापायला जाऊ नये.

कापण्याआधी परवानगी

आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ, साग, खैर ही झाडे महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत नियमन अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत आहेत. ती स्वतःच्या जमिनीत असली तरी परवानगी घेऊनच तोडावी लागतात.

मग घ्यावा कोणता?

घरापुरते सरपण असेल तर नावाजलेल्या कंपनीचे 30 ते 40 सीसीचे, 14-16 इंची बारचे घरगुती मशीन घ्या. दोन जादा चेनी आणि कानस सोबत घ्या. लाकूड अंगणात आणून कापत असाल आणि 16 अँपिअरचा प्लग असेल, तर दोन हजार वॉटचे विजेवरचे मशीनही पुरते. जळणाचा धंदा असेल, मशीन आठवड्यातून दोन-तीन दिवस चालणार असेल, तर 50 सीसीपासून पुढचे व्यावसायिक मशीन घ्या. ते आपली किंमत वसूल करते. बिननावाचे स्वस्त मशीन त्यानेच घ्यावे, ज्याला स्वतः कार्बोरेटर खोलता येतो आणि जवळ त्याचे भाग मिळतात. वर्षातून एकदाच कापायचे असेल, तर काहीच विकत घेऊ नका. मशीनसकट कटरवाला एक दिवस बोलवा, तेच स्वस्त पडेल.